काटकसरीचा इतिहास : दक्षिणा फंड ते डेक्कन कॉलेज

संस्था बंद पडतात तेव्हा त्यामागचे कारण बहुधा एकाच वाक्यात सांगितले जाते : पैसा उरला नाही. हे वाक्य खोटे असते असे नाही. परंतु ते अपुरे असते. पैसा सगळीकडचा एकाच वेळी संपत नाही. तो कोठे संपला असे ठरवायचे, आणि कोठे संपला तरी उभा करायचा, याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. ‘काटकसर’ हा शब्द घरगुती आहे. त्यात गृहिणीच्या शहाणपणाची ऊब आहे. राज्यकर्ते तो वापरतात तेव्हा ती ऊब आयती मिळते आणि निर्णय घेणारा हात मात्र झाकला जातो. या लेखात आम्ही एकाच संस्थेच्या, किंबहुना एकाच निधीच्या, वाटचालीचा मागोवा घेणार आहोत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला आज आपण भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांचे केंद्र म्हणून ओळखतो. पण या संस्थेचा इतिहास हा काटछाटींचाही इतिहास आहे. १८१८नंतर, १८५१च्या सुमारास आणि १९३४ मध्ये असे तीनदा तिच्यावर किंवा तिच्या मूळ निधीवर कात्री चालली. प्रत्येक वेळी रकमेपेक्षा मोठे काहीतरी कापले गेले, आणि प्रत्येक वेळी अनपेक्षित असे काहीतरी उगवलेही. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय आजच्या काटछाटीविषयी आपल्याला नीट बोलता येणार नाही, असे आम्हांला वाटते.

१

या कथेची सुरुवात श्रावण महिन्यातील दानाने होते. तळेगावचे सेनापती दाभाडे दरवर्षी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि पुढे ही प्रथा पुण्यात, पेशव्यांच्या आश्रयाखाली आली. पेशवाईच्या भरभराटीच्या काळात या वाटपाची रक्कम लाखांच्या घरात गेली आणि देशोदेशीचे ब्राह्मण श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्याकडे लोटू लागले. त्यांत परीक्षा देऊन मान मिळवणारे वैदिक व शास्त्री होते, आणि केवळ जन्माच्या पुण्याईवर हात पुढे करणारेही होते. हा निधी विद्येसाठी होता, पण ज्याला विद्या म्हणायचे ती एकाच वर्णाची मिरास होती. रयतेच्या वसुलातून जमलेला पैसा रयतेपैकी बहुतेकांना ज्याचा स्पर्शही वर्ज्य अशा ज्ञानावर खर्च होत होता. हे विसरून दक्षिणेचे गुणगान करणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या राज्यकर्त्यांपुढे पेच होता. दक्षिणा पूर्ववत चालू ठेवणे त्यांच्या हिशेबी बुद्धीला परवडणारे नव्हते. ती एकदम बंद करणे राजकीयदृष्ट्या परवडणारे नव्हते. पुण्यातील प्रतिष्ठित ब्राह्मणवर्ग असंतुष्ट झाला तर नुकतेच जिंकलेले राज्य सांभाळणे कठीण जाईल, हे माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनला उत्तम ठाऊक होते. म्हणून मधला मार्ग निघाला. वार्षिक दक्षिणेची रक्कम पन्नास हजार रुपयांवर आणली गेली, आणि त्या निधीच्या आधाराने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ म्हणजे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. एल्फिन्स्टननंतर दख्खनचा कमिशनर झालेला चॅप्लिन तिच्या स्थापनेमागे होता. डेक्कन कॉलेज आपली जन्मतिथी येथूनच मोजते.

आमच्या दृष्टीने येथील महत्त्वाची गोष्ट अशी की, ही काटछाट विद्येला मदत करण्याच्या नावाने झाली. रमण्यातील वाटप कमी झाले, पाठशाळा वाढली. दान घटले, संस्था आली. दानाचा स्वीकार करणारा माणूस वर्षातून एकदा येतो आणि जातो. संस्थेला मात्र इमारत, अभ्यासक्रम, हजेरीपट आणि अधीक्षक लागतो. सरकारला हवे होते तेही हेच. कमी पैशात अधिक नियंत्रण हे पुढील शंभर वर्षांच्या धोरणाचे सूत्र येथे प्रथम दिसते.

२

दुसरी कात्री अधिक गुंतागुंतीची आहे, कारण ती चालवावी अशी मागणी खुद्द आपल्यातल्याच काही लोकांनी केली. १८३०च्या दशकात नव्या लोकांना दक्षिणा न देता जुन्या धारकांना ती हयातभर चालू ठेवण्याचे धोरण आले. धारक निवर्तत जातील तसतशी शिल्लक वाढत जाणार होती. या शिलकीचे काय करायचे, हा प्रश्न १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख व त्यांचे सहकारी यांनी ऐरणीवर आणला. हा पैसा मराठीतील उपयुक्त ग्रंथांना आणि नव्या विद्येला उत्तेजन देण्यासाठी वापरावा, असा अर्ज सरकारकडे गेला. पुण्यात खळबळ उडाली. सनातनी मंडळींच्या मते हा धर्मावर घाला होता; सुधारकांच्या मते तो न्याय होता. अखेर दक्षिणा फंडातून मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याची व्यवस्था झाली आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून ‘पूना कॉलेज’ निर्माण झाले व मेजर टॉमस कँडी त्याचा प्राचार्य झाला. पुढे त्याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य ज्या आधारांवर उभे राहिले त्यांतील हा एक मोठा आधार होय. आपण साहित्याचे विद्यार्थी ‘अव्वल इंग्रजी काळ’ म्हणून ज्या भाषांतरांचा, चरित्रांचा, शास्त्रीय पुस्तकांचा अभ्यास करतो, त्यांपैकी कित्येकांमागे या पारितोषिकाची आशा उभी होती. जुन्या वैदिकाच्या वाट्याचे रुपये नव्या ग्रंथकाराच्या वाट्याला आले, असे थोडक्यात म्हणता येईल.

तथापि येथेच आपण थांबलो तर सुधारकांच्या विजयाची सोपी गोष्ट हाती लागेल. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे दिले. ते नाकारले गेले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नापसंत झाले, असा फुल्यांचा आरोप होता. भाषा बदलली होती, ग्रंथ बदलले होते, इंग्रज अधिकाऱ्याची सही आली होती. पण योग्य विद्या कोणती हे सांगणारी माणसे बहुतांशी त्याच घरांतून येत होती. निधीचा हेतू पालटला, दरवाजा मात्र तोच राहिला. कोणत्याही पुनर्रचनेत पैसा कोठून काढला एवढेच न विचारता तो वाटणारे कोण, हेही विचारावे लागते. ‘तृतीय रत्ना’चा अनुभव आपल्याला हे कायमचे शिकवून गेला आहे.

३

१८६४ मध्ये पूना कॉलेजचे नाव डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याकडील नव्या दगडी इमारतीत गेले. या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. इमारत उभी राहिलेली पाहायला ते हयात नव्हते. १८५९ मध्येच त्यांचे निधन झाले होते. ही एक लाखाची देणगी वाचकांनी ध्यानात ठेवावी. सत्तर वर्षांनी ती पुन्हा कामी येणार आहे.

या कॉलेजाने काय घडवले ते मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर विश्रामबागेतील पाठशाळेत शिकले. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले आणि १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. टिळक आणि आगरकर यांची गाठ याच कॉलेजात पडली. इतिहासाचार्य राजवाडे येथलेच. ‘लाइट ऑफ एशिया’चा कर्ता एडविन आर्नल्ड पूना कॉलेजचा प्राचार्य होता, आणि कवी वर्डस्वर्थचा नातू विल्यम वर्डस्वर्थ येथे अध्यापन करीत असे. सरकारी पैशाने चाललेल्या कॉलेजातून सरकारचे सर्वांत कठोर टीकाकार बाहेर पडले, ही विसंगती राज्यकर्त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही.

परंतु त्याहून मोठी विसंगती पुढे आहे. १८८२च्या हंटर कमिशनने उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे आणि खाजगी संस्थांना अनुदान देऊन तो भार त्यांच्याकडे सोपवावा, अशी दिशा सुचवली होती. डेक्कन कॉलेजच्याच पदवीधरांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे केले. सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेत. हा त्याग खरा होता आणि त्याने महाराष्ट्राला पुष्कळ दिले. पण सरकारी हिशेबनिसाच्या वहीत त्याच त्यागाची नोंद निराळी होत होती : पुण्यात पदवीचे शिक्षण कमी खर्चात मिळू शकते, असा पुरावा त्याने सरकारला दिला. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज, म्हणजे पुढचे सर परशुरामभाऊ कॉलेज, निघाले तेव्हा हा पुरावा दुप्पट झाला. आदर्शवादाने स्वस्तात चालवलेली संस्था शेजारच्या पूर्ण पगारी संस्थेच्या मुळावर येते, हे त्या आदर्शवाद्यांच्या स्वप्नातही नसते. तरीही ते घडते.

४

आता तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या कात्रीकडे येऊ. १९३४ मध्ये मुंबई सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. कारण सांगितले गेले ते आर्थिक. ते समजून घ्यायचे तर मुंबई इलाख्याची तिजोरी उघडून पाहावी लागते.

१९१९च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण हे ‘सोपीव’ खाते ठरून लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. अर्थखाते ‘राखीव’ राहून गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे गेले. मंत्र्याकडे शाळा-कॉलेजांची जबाबदारी होती, पण पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. शिवाय प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेला. गिरण्या आणि व्यापार यांच्यावर वाढणारे मुंबईचे उत्पन्न दिल्लीला जाई आणि प्रांताच्या वाट्याला मुख्यतः शेतसारा, अबकारी आणि स्टँप ही मंद गतीने वाढणारी खाती उरत. या वाटणीविरुद्ध मुंबईची तक्रार दशकभर चालू होती.

खर्चाची बाजू याहून वाईट होती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड याच्या कारकीर्दीत दोन अवाढव्य कामे हाती घेतली गेली : मुंबईतील बॅकबेची भरणी आणि सिंधमधील सक्करचे धरण. बॅकबेची भरणी हा कर्जाचा आणि गैरकारभाराचा खड्डा ठरला. खुर्शेद नरिमन यांनी १९२०च्या दशकात तो जाहीरपणे उघडकीस आणला. सक्करचे धरण १९३२ मध्ये पुरे झाले, पण त्यासाठी काढलेले कर्ज त्याआधीच प्रांताच्या डोक्यावर बसले होते. आणि १९३६ मध्ये सिंधच मुंबई इलाख्यातून वेगळा झाला.

त्यातच १९२९ची जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. शेतसारा रोख रकमेत ठरलेला असल्यामुळे त्याचा भार शेतकऱ्यावर जवळजवळ दुप्पट झाला आणि वसुली अशक्य होऊ लागली. १९२८च्या बारडोली सत्याग्रहाने सारावाढीला यशस्वी विरोध करता येतो हे दाखवून दिलेच होते. १९३० पासून कायदेभंगाच्या चळवळीत दारूच्या दुकानांवर निरोधन सुरू झाले आणि अबकारीलाही धक्का बसला. तुरुंग आणि पोलीस यांवरचा खर्च मात्र वाढत होता. म्हणजे उत्पन्न घटले ते अर्थकारणामुळे आणि राजकारणामुळेही. वाढलेला खर्च दडपशाहीचा होता. आणि कात्री चालली ती ज्यांचा यांपैकी कशाशीच संबंध नाही अशा खात्यांवर.

ही स्थिती एकट्या मुंबईची नव्हती. १९३१ मध्ये हिंदुस्थान सरकारने नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. त्याच काटकसरीच्या लाटेत पुरातत्त्व खात्याचे उत्खननाचे काम जवळजवळ ठप्प झाले. मोहेंजो-दडोच्या शोधाने हिंदुस्थानचा इतिहास दोन हजार वर्षांनी मागे नेला त्याला जेमतेम सात वर्षे झाली होती, तोच फावडी खाली ठेवावी लागली. पाच हजार वर्षे मातीखाली राहिलेले शहर आणखी काही वर्षे थांबू शकते, असा युक्तिवाद अर्थखात्याला नेहमीच सोयीचा असतो. शहर थांबते हे खरे. ते खणू शकणारी माणसे मात्र थांबत नाहीत. ती विखुरतात, म्हातारी होतात, आणि त्यांच्या हातचे कसब दुसऱ्या हातांत न जाता संपते.

डेक्कन कॉलेजबाबत एक गोष्ट विशेष नोंदवली पाहिजे. कॉलेज एका हुकुमाने बंद झाले असे दिसत असले तरी त्याची झीज आधीच सुरू झाली होती. १९२४च्या ली कमिशननंतर इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमधील नवी भरती थांबली होती. ज्या सेवेतून सरकारी कॉलेजांना वरिष्ठ अध्यापक मिळत ती सेवाच आटत चालली होती. आधी भरती थांबते आणि मग त्या रिकाम्या खुर्च्यांकडेच बोट दाखवून संस्था क्षीण झाल्याचे सांगितले जाते. शहरात खाजगी कला महाविद्यालये चांगली चालत असताना आणखी एक, तेही सरकारी आणि खर्चिक, कशाला हवे, असा हिशेब १९३४ मध्ये मांडणे मग सोपे होते.

५

या निर्णयाला विरोध झाला तो माजी विद्यार्थ्यांकडून. सभा, अर्ज, वृत्तपत्रांतील लेख हे सर्व मार्ग होतेच. पण निर्णायक ठरला तो कायद्याचा. ज्या निधीवर हे कॉलेज उभे राहिले तो केवळ सरकारी तिजोरीतला नव्हता. जमशेटजी जीजीभाईंची एक लाखाची देणगी विशिष्ट हेतूने दिलेली होती; सरकारने ती स्वीकारली तेव्हा ते तिचे मालक झाले नव्हते, विश्वस्त झाले होते. विश्वस्ताला काटकसरीच्या नावाखाली हेतूच मोडीत काढता येतो काय, हा प्रश्न माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयापुढे नेला. पंचाहत्तर वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या दात्याचा शब्द अशा रीतीने जिवंत सरकारच्या आड आला.

या लढ्याचे फळ म्हणून १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. मात्र पदवीचे कॉलेज म्हणून नव्हे, तर पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. तेव्हा मुंबईत बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. याच महिन्याच्या १ तारखेला या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली होती; म्हणजे अबकारीचे मोठे उत्पन्न जाणूनबुजून सोडून दिले होते आणि ती तूट भरण्यासाठी शहरी मालमत्तेवर कर बसवला होता. दारूबंदीच्या बरेवाईटपणाविषयी मतभेद असू शकतात. आमचा मुद्दा निराळा आहे. पाच वर्षांपूर्वी ज्या प्रांताकडे एका कॉलेजपुरता पैसा नव्हता, तोच प्रांत एका तत्त्वासाठी आपल्या उत्पन्नाच्या मोठ्या खात्यावर पाणी सोडू शकला आणि त्याच महिन्यात संशोधनसंस्थाही उघडू शकला. पैसा नाही या वाक्यात ‘या कामासाठी’ हे दोन शब्द नेहमी अध्याहृत असतात, ते येथे उघडपणे वाचता येतात.

काळाची संधीही किती अरुंद होती ते पाहण्यासारखे आहे. संस्था उघडल्यानंतर दोन आठवड्यांत दुसरे महायुद्ध पेटले, आणि नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हा उद्घाटनाचा दिवस आणखी थोडा पुढे ढकलला गेला असता तर तो कधी उजाडला असता हे सांगणे कठीण आहे.

६

पुन्हा उघडलेल्या संस्थेत जी माणसे एकत्र आली त्यांची नावे वाचली की आजही आश्चर्य वाटते. भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वाला हसमुख धीरजलाल सांकलिया, समाजशास्त्र व मानवशास्त्राला इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर. सांकलिया यांनी पुढे लांघणज, नेवासे, नावडातोली येथील उत्खननांनी पश्चिम भारताच्या प्रागैतिहासाला आकार दिला. शेजवलकरांचा ‘पानिपत’वरील ग्रंथ याच संस्थेच्या मालिकेत १९४६ मध्ये इंग्रजीत निघाला. इरावतीबाईंची ‘युगान्त’ ललित वाङ्मय म्हणून वाचली जाते. पण त्या निबंधांमागील कुलसंबंधांची जाण आणि संहितेकडे पाहण्याची शिस्त ही संशोधनसंस्थेतील दीर्घ वर्षांची कमाई आहे. ना. गो. कालेलकरांनी भाषाविज्ञान मराठीत आणले. ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या त्यांच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीच्या वर्गात आज ‘ध्वनी’, ‘बोली’, ‘प्रमाणभाषा’ हे शब्द आपण ज्या काटेकोरपणे वापरतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, १९३४ची कात्री हितकारकच ठरली. झाड छाटल्यानेच बहरले. हा निष्कर्ष आकर्षक आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. बहर आला तो छाटण्यामुळे नव्हे, तर छाटणाऱ्याशी भांडल्यामुळे. न्यायालयात कोणी गेले नसते तर येरवड्याची इमारत एखाद्या सरकारी कचेरीच्या कामी आली असती आणि या लेखाला विषयच उरला नसता. दुसरे असे की, १९३४ मध्ये बंद झालेले पदवीचे कॉलेज कधीच परत आले नाही. जी संस्था परत आली ती थोड्यांसाठी होती, पदवीच्या पुढे जाऊ शकणाऱ्यांसाठी होती. विजयाचे वर्णन करताना ही वजाबाकी झाकता कामा नये.

कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या बृहद् संस्कृत कोशाचे काम सुरू केले. शेकडो ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या, त्या लावायच्या, प्रत्येक अर्थाचा कालक्रम शोधायचा. पहिला खंड छापून येण्यास १९७०चे दशक उजाडले. कोश अजूनही पूर्ण झालेला नाही. कोणत्याही काटकसर समितीपुढे या कामाचा ताळेबंद मांडला तर तो तोट्याचाच दिसेल. तरीही एका भाषेच्या तीन-साडेतीन हजार वर्षांची स्मृती अशाच मंद, हट्टी पद्धतीने जतन होते. दुसरा मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही.

७

हा इतिहास आम्ही आज का आठवतो, ते साहित्याच्या अध्यापकांना सांगावे लागू नये. महाराष्ट्रात २००१ पासून नव्या संस्थांना ‘कायम विनाअनुदान’ या तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. सरकारी परिभाषेत क्वचितच इतका स्पष्ट शब्द येतो. पुढे शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला, पण त्यामागची वृत्ती वगळली गेली असे म्हणवत नाही. भाषाविभागांत निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा रिकामी राहते. तिच्यावर तासिका तत्त्वावर कोणी येते, कोणी जाते. ज्या संशोधकाला पुढच्या सत्रात आपण असू की नाही याची शाश्वती नाही, त्याच्याकडून वीस वर्षांच्या कामाची अपेक्षा कशी करायची? मग विद्यार्थी घटतात, आणि घटलेली संख्याच विभाग बंद करण्याचे कारण म्हणून दाखवली जाते. १९२४ ते १९३४ हे दशक आपल्यापुढे पुन्हा उलगडत असल्यासारखे वाटते, ते यामुळे.

या दोन शतकांतून आम्हांला तीन गोष्टी दिसतात. काटछाट कधीही तटस्थ नसते; पेशव्यांच्या रमण्यापासून दक्षिणा प्राइझ कमिटीपर्यंत ती नेहमी कोणाच्यातरी विद्येला विद्या आणि कोणाच्यातरी विद्येला चैन ठरवते. दुसरे, संस्थेचा हेतू कोठेतरी लिहून ठेवलेला असावा लागतो. भावना, परंपरा, थोर माजी विद्यार्थ्यांची तैलचित्रे यांपैकी काहीही १९३४ मध्ये पुरेसे ठरले नाही. कामी आला तो एका देणगीचा नोंदलेला हेतू. आणि तिसरे, जे वाचते ते जसेच्या तसे वाचत नाही. म्हणून काय वाचवायचे याची स्पष्टता लढणाऱ्यांकडे आधीपासून असली पाहिजे, नाहीतर ती समोरचा पक्ष ठरवतो.

लोकहितवादींच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांना आपण एका जुन्या निधीला नवा हेतू देत आहोत याची जाणीव होती. त्या निधीच्या दरवाजातून फुल्यांना परत पाठवले गेले. आज आपण आपल्या विभागांसाठी, ग्रंथालयांसाठी, कोशांसाठी पैसा मागू तेव्हा या दोन्ही नोंदी सोबत ठेवाव्यात असे आम्हांला वाटते. संस्था टिकावी ही मागणी न्याय्यच आहे. पण ती कोणासाठी टिकावी, याचे उत्तर आपल्याजवळ तयार नसेल तर काटकसर करणाऱ्याचे काम आपणच सोपे करून ठेवलेले असेल.